आतून आतून माप

ओळंब्याने बांधलेल्या भिंतीत खिळा ठोकायची सोय नव्हती. भिंत कठीण असायची हे एक कारण. दुसरं कारण तो स्वतः. "भिंत छत धरायला असते," म्हणायचा. "तुझे खिळे तुझ्या लाकडात ठोक."

मी सुतार, तो गवंडी. त्याने भिंतीत जागा सोडायची, मी तिथे चौकट बसवायची, असं आमचं आयुष्य गेलं. दुसऱ्या गवंड्यांनी सोडलेली जागा वर रुंद आणि खाली अरुंद निघायची. मग चौकट तासा, पाचरी मारा, एकमेकांच्या आईबापांची आठवण काढा. ओळंब्याने सोडलेल्या जागेत चौकट उभी केली की बसली. त्याच्याबरोबर काम केलं तर संध्याकाळी घरी जाताना अंगात थोडं त्राण उरायचं. मी माणसाची किंमत यावरून करतो.

भिंत सरळ आहे की नाही हे बघायचं पितळी वजन असतं, दोरीला बांधलेलं. त्याला ओळंबा म्हणतात. ते त्याच्या खिशात कायम असायचं, जेवतानासुद्धा. दोरी कुजली की बदलायचा, वजन तेच. त्यावरून नाव पडलं ते पडलं. त्याचं खरं नाव मला त्याच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करताना पहिल्यांदा नीट वाचायला मिळालं. तो गेला त्याला आता बरेच दिवस झाले, तरी मी त्याला ओळंबाच म्हणतो.

घर त्याने कामावरून आल्यावर बांधलं. दिवसभर लोकांच्या भिंती, संध्याकाळी स्वतःच्या. हे सांगायला सोपं आहे. दिवसभर घमेली उचललेल्या माणसाने संध्याकाळी पुन्हा थापी हातात धरून बघावी. मनगट ऐकत नाही. त्याचं मनगट ऐकायचं, कारण मागे त्याची बहीण उभी असायची. ती माल कालवून द्यायची.

ती आक्का. त्याच्यापेक्षा थोरली. नवरा लवकर गेला, सासरी थांबावं असं काही उरलं नाही, म्हणून भावाकडे आली. पुढे ओळंब्याची बायको दुसऱ्या बाळंतपणानंतर आजारी पडली ती उठलीच नाही. घरात दोन मुलगे, त्यातला एक अजून पाळण्यात. आक्काने ते वाढवले. तिला कोणी सांगितलं नाही आणि तिने कोणाला विचारलं नाही. दिवसा ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. तिचा पगार याच घरात गेला. विटा ओळंब्याने रचल्या, पण त्यातल्या कितीतरी तिच्या होत्या. कागदावर मात्र नाव एकच, त्याचं.

घराची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लांबट घर. मधोमध समोरून मागपर्यंत एक भिंत. एका बाजूला थोरला मुलगा आणि त्याचा संसार, दुसऱ्या बाजूला धाकट्याचा. ओळंबा धाकट्याकडे मागच्या खोलीत झोपायचा. भिंतीच्या पलीकडे, थोरल्याच्या बाजूला मागेच पण दार अंगणात उघडणारी, आक्काची छोटी खोली. म्हणजे भाऊबहिणीच्या उशांमध्ये वीतभर जाडीची मधली भिंत तेवढी होती. आक्का खोकली की याला कळायचं, आणि हा खोकला की सगळ्या गल्लीला.

खोकला वाढत गेला. आयुष्यभराची धूळ छातीत बसलेली. डॉक्टर सरळ बोलणारा होता. म्हणाला, "काही आवराआवर करायची असेल तर आता करून घ्या."

ओळंब्याने तरी ते भिजत घोंगडं तसंच ठेवलं असतं. मरणाचे कागद करायचे म्हणजे माणसाच्या जिवावर येतं. पण त्याच सुमाराला एक गोष्ट घडली. सुट्टीच्या दिवशी सगळे आक्काच्या हातचा चहा प्यायला अंगणात बसले होते. मीही होतो. थोरला सहज म्हणाला, "पुढेमागे आक्काची खोली आमच्यात घेतली की स्वयंपाकघर ऐसपैस होईल."

धाकटा म्हणाला, "तुमच्यात का म्हणून? ती खोली सगळ्यांची आहे."

"अरे, आमच्या बाजूला आहे ना ती."

आक्का चहा गाळत होती. "मेल्यावर घ्या रे बाबांनो," ती म्हणाली. "अजून गाळणी माझ्या हातात आहे."

सगळे हसले. थोरलाही हसला. वाईट मुलगा नाही तो. मालाची गाडी चालवतो, दिवस दिवस बाहेर असतो, घरी आला की घर लहान वाटतं. ओळंबा मात्र हसला नाही.

नंतर तो आक्काच्या खोलीत काहीतरी आणायला गेला तेव्हा कॉटखाली एक कापडी पिशवी दिसली. भरलेली, तोंड बांधलेली. उघडून पाहिली तर दोन कपडे, शाल, औषधं, धुलाईखान्यातलं जुनं ओळखपत्र.

"कुठे निघालीस?" त्याने विचारलं.

"कुठे नाही," ती म्हणाली. "वेळेला धावपळ नको म्हणून."

हे त्याने मला आमच्या पायरीवर बसून सांगितलं. सांगताना दोनदा थांबला, दम लागला म्हणून. मग म्हणाला, "सुतारा, तुला साक्षीदार व्हायचंय."

"कसला गुन्हा केलास?"

"मरतोय."

"तो गुन्हा नाही."

"कागद न करता मेलो तर होईल."

वकीलबाई वरच्या मजल्यावर बसायच्या. जिना अरुंद. ओळंबा प्रत्येक वळणावर थांबला. एकदा थांबला तेव्हा वाकून पायरी बघायला लागला. "ही बाकीच्यांपेक्षा उंच आहे," म्हणाला. "म्हणून दम लागतो."

"पायरीला नावं ठेवू नकोस. चल."

"ठेवणार. कोणीतरी आळस केलाय."

वकीलबाई चाळिशीच्या होत्या. सर्दीने बेजार, टेबलावर फायलींचा ढीग, एका फायलीवर नाक पुसायचे कागद. आम्हाला बसायला सांगितलं आणि एकदम विचारलं, "मालमत्ता काय आहे काका?"

"घर."

"आणखी?"

त्याने खिशातून ओळंबा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलून बघितला. "चांगला जड आहे. हा कोणाला द्यायचा?"

"तो राहू दे. अजून लागतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मृत्युपत्र केलं नाही तर घर दोन्ही मुलांचं. बहिणीला त्यात काही नाही.

"तिने वाढवलीत ती पोरं," ओळंबा म्हणाला.

"खरं असेल. पण कायद्याला ते कुठून कळणार?"

"म्हणून आलोय. तिच्या खोलीतून तिला कोणी उठवता कामा नये. बाकी त्यांचं त्यांना."

बाईंनी लिहून घेतलं. थोरल्याला हा भाग, धाकट्याला तो भाग, थोरल्याच्या बाजूची मागची खोली आक्काला, ती आहे तोवर. म्हणाल्या, "कोणता भाग कुठून कुठपर्यंत, ते मापासकट लिहावं लागेल. मोजायला माणूस पाठवू?"

ओळंब्याने माझ्याकडे पाहिलं. शिवी ऐकल्यासारखं तोंड केलं. "माझ्या घरात? मोजायला माणूस?"

मोजायला आम्हीच बसलो. तो स्टुलावर, मी जमिनीवर. टेपचं टोक त्याने कोपऱ्यात धरायचं आणि दुसरं मी न्यायचं. कपाट पुढे आहे, वरून मोजू म्हटलं तर नाही. कपाट सरकवा. सरकवलं. फडताळ सरकवा. तेही सरकवलं. एका खोलीचं माप झालं की तो डोळे मिटून बसायचा, श्वास जागेवर यायची वाट बघायचा, मग स्टूल उचलून पुढच्या खोलीत. स्टूल मला उचलू देईना.

धाकटा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. तो दारातून बघत होता. "बाबा, हे फोनवर मोजता येतं. नुसता भिंतीकडे धरायचा."

"फोनला दम लागतो का?"

"नाही."

"मग त्याचं माप मला नको."

आक्का हात पुसत आली. "जन्मभर लोकांची घरं उभ्याने मोजलीस. स्वतःचं बसून मोजतोस होय?"

"तू उभी आहेस ना. तेवढं पुरे."

"मी उभीच आहे. बसायला जागा ठेवलीत का तुम्ही? कपाट दारात आणून लावलंय."

तिची खोली शेवटी मोजली. तिने कॉट स्वतः ओढली. पिशवी कॉटबरोबर सरकत बाहेर आली. तिने ती पायाने परत आत ढकलली.

सगळी मापं कागदावर उतरवून आम्ही वकीलबाईंना दिली. ओळंब्याला त्या दिवशी बरं वाटत होतं. एक काम हातावेगळं झालं असं म्हणाला.

मृत्युपत्र टाइप होऊन तयार झालं तेव्हा पुन्हा तोच जिना. त्याच पायरीला त्याने पुन्हा नावं ठेवली. वर पोचलो तर वकीलबाई कपाळावर हात धरून बसलेल्या. समोर आमची मापं आणि शेजारी जागेचा जुना कागद, त्याने जागा घेतली तेव्हाचा.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या मापांची बेरीज जुळत नाही. जागा मोठी आहे, अंगण वजा केलं तरी घर लहान निघतंय."

"कसं निघेल? मी मोजलंय."

"हो ना. पण तुमच्या मापाने घराच्या भिंतीच नाहीत. नुसत्या खोल्या आहेत."

मी त्याच्याकडे पाहिलं आणि मलाही एकदम उमगलं. शेवटची बरीच वर्षं तो गिलाव्याची कामं घ्यायचा. गिलाव्याचं माप आतून आतून असतं, ह्या भिंतीच्या अंगापासून त्या भिंतीच्या अंगापर्यंत. जेवढं थापीने सारवायचं तेवढंच मोजायचं. भिंतीच्या पोटात काय आहे ते कोणी विचारत नाही. टेप हातात आला आणि हाताने सवयीचं माप घेतलं. मीही चौकट आतूनच मोजतो, त्यामुळे मलाही खटकलं नाही. दोन म्हातारे, दोघांचीही उमर घरं बांधण्यात गेलेली, आणि भिंती मोजायला विसरले.

"बाहेरच्या भिंतींचं सोपं आहे," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याच्या बाजूला त्याच्या. पण मधली कोणाची?"

"मधली..." ओळंबा म्हणाला आणि खोकत बसला. बाईंनी पाणी दिलं.

"सामाईक लिहू का? दोघांची मिळून?"

"दोघांची भिंत म्हणजे रोजची कटकट."

"मग एकाला द्या. एका ओळीचं काम आहे. पण आजची सही राहिली, कागद नव्याने काढायला लागेल."

एका ओळीचं काम. तो जिना उतरून पुन्हा चढायचा होता हे त्या एका ओळीत बसत नव्हतं. बाईंचा दोष नाही. ओळंबा उठला आणि म्हणाला, "घरी विचारतो."

घरी विचारायची गरज नव्हती असं मी त्याला वाटेत सांगितलं. त्याने ऐकलं नाही. ऐकण्याइतका श्वासही नव्हता त्याच्याकडे.

त्याने दोघांना बोलावलं आणि विचारलं, "मधली भिंत कोणाला देऊ?"

तोपर्यंत दोघांनाही आपापल्या वाट्याचं माहीत होतं आणि त्यावर कोणाची तक्रार नव्हती. खोल्यांवरून भांडण झालं नाही, ते भिंतीवरून झालं. थोरला म्हणाला, "माझ्याकडे द्या. मला वर मजला चढवायचाय. तुळया तिच्यावरच टेकणार."

"आणि माझं छप्पर कुठे टेकलंय?" धाकटा म्हणाला. "तुझ्या डोक्यावर?"

"तुझं छप्पर कोण काढून नेतंय?"

"आज नाही नेणार. उद्या भिंत तुझी म्हटल्यावर काय करशील कोण सांगावं."

"म्हणजे मी चोर?"

"मी म्हटलं नाही. तूच म्हणालास."

मग मागचं सगळं निघालं. कोणाच्या शिक्षणाला जास्त लागलं, बाबांच्या आजारपणात कोण जागलं, पाण्याची टाकी कोणी साफ करायची. थोरली सून आतापर्यंत शांत होती. ती म्हणाली, "मध्ये भिंत आहे म्हणून तर आम्ही एकमेकांची तोंडं बघतो अजून. ती पण काढताय का?" त्यावर धाकटी आतून काहीतरी बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही. बरं झालं.

आक्काच्या खोलीचं नाव या सगळ्यात एकदाच निघालं. थोरला म्हणाला, "आक्काचं काय एवढं? ती माझ्याकडे राहील."

"नाहीतर माझ्याकडे," धाकटा म्हणाला.

दोघेही मनापासून बोलत होते. पण त्याचा अर्थ एकच होता. पिशवी इकडून तिकडे.

ओळंबा खुर्चीत बसून होता. त्याच्या तोंडावर मी कधी न पाहिलेला थकवा होता. कामाचा थकवा वेगळा असतो, त्यात झोप येते. हा नुसता बसून आलेला थकवा. आक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चौकट मी बसवलेली. तिने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "भिंत राहू दे रे. मलाच उभी करा मध्ये. नाहीतरी आजवर तेच केलंय."

थोरला ओशाळला. धाकटा जमिनीकडे बघायला लागला. पण ओळंब्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघत राहिला. भिंत बांधताना ओळंबा सोडून तो स्थिर व्हायची वाट बघायचा, तसा बघत राहिला. मग मला म्हणाला, "सुतारा, उद्या वकीलबाईंकडे. आक्का, तू पण चल."

"मी कशाला?"

"चल म्हटलं ना."

तिसऱ्या वेळी जिना चढताना आक्का पुढे आणि आम्ही दोघे मागे. तिला दम लागला नाही. वर जाऊन आमची वाट बघत उभी राहिली. "काय, येताय का मी खाली येऊ न्यायला?"

ओळंबा बसला, श्वास घेतला, आणि म्हणाला, "बाई, लिहा. तिची मागची खोली आक्काची. आणि मधली भिंत, पायापासून छतापर्यंत, ती पण आक्काची."

वकीलबाईंनी लेखणी खाली ठेवली. "भिंत?"

"भिंत."

आक्का म्हणाली, "मला भिंत काय करायचीय? डोकं आपटायला?"

"गप्प बस जरा."

"गप्प काय बस? उद्या दोघं मला खातील."

"खाणार नाहीत," ओळंबा म्हणाला. "खोली दिली तर गोड बोलून उठवतील तुला. भिंत दिली तर गोड बोलून ठेवतील. एकाला मजला चढवायचाय, दुसऱ्याला छप्पर राखायचंय. दोघांनाही तुझ्या दारात यावं लागेल."

एवढं बोलून त्याला मोठी ढास लागली. ती थांबेपर्यंत आम्ही तिघे खिडकीकडे बघत होतो. वकीलबाईंनी नाक पुसलं.

"असं अजून कोणी लिहून घेतलेलं नाही माझ्याकडून," त्या म्हणाल्या.

"बेकायदेशीर आहे का?"

"नाही. विचित्र आहे." त्यांनी जरा विचार केला. "आता भिंतीवर जे टेकलेलं आहे ते तसंच राहील. नवीन काही टेकवायचं, तोडायचं, भोक पाडायचं, तर आक्कांची लेखी परवानगी. असं लिहिते. चालेल?"

"भोक पाडायचं हे पण लिहा," ओळंबा म्हणाला. "नक्की लिहा."

"आणि आक्कांच्या नंतर?"

"नंतर भिंत दोघांची. तोवर म्हातारे होतील. अक्कल आली तर तेव्हा येईल."

आक्का टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, चादरीला सुरकुती आहे का बघावी तसं.

मुलांना त्याने स्वतः सांगितलं. मी म्हटलं, कशाला, कागद बोलेल नंतर. तो म्हणाला, "मी मेल्यावर चिडण्यापेक्षा आत्ता चिडू दे. आत्ता निदान मला शिव्या देता येतील, तिला नाही." थोरला काही दिवस बापाशी बोलला नाही. धाकट्याने विचारलं, "म्हणजे मी माझ्या घरात खिळा ठोकायला आक्काला विचारायचं?" ओळंबा म्हणाला, "आजवर मला विचारत होतास ना? फक्त माणूस बदललं."

सहीचा दिवस नोंदणीच्या कार्यालयात गेला. तिथली बाकडी लोखंडी, पाठ टेकायला एक आडवी पट्टी, ती नेमकी चुकीच्या ठिकाणी. ज्याने ती बनवली त्याने तिच्यावर कधी बसून पाहिलं नसावं. आमचा क्रमांक लवकर येईना. ओळंबा मध्येच पेंगायचा, जागा झाला की विचारायचा, "आला का?" वकीलबाई कागदांची जुळवाजुळव करत होत्या. दुसरा साक्षीदार म्हणून त्यांनी खालच्या झेरॉक्सवाल्याला आणलं होतं. दुकान बंद ठेवून आला होता बिचारा, सारखा फोनवर गिऱ्हाइकाला "येतो, येतो" म्हणत होता.

क्रमांक आला. साहेबांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही समजून उमजून, स्वतःच्या मर्जीने करताय ना?"

"नाहीतर एवढे जिने कशाला चढलो असतो?"

साहेब हसले नाहीत. "हो किंवा नाही सांगा."

"हो."

टेबल डुगडुगत होतं. ओळंब्याने पेन टेकवलं आणि उचललं. "टेबलाचा पाय तुझ्या खात्यातला," मला म्हणाला. मी कागदाची घडी करून पायाखाली सरकवली. मग त्याने सही केली. त्याची थापी एका दमात भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, मध्ये उचलली तर वळ दिसतो म्हणून. सही करताना मात्र त्याला तीन अक्षरांमध्ये दोनदा हात उचलावा लागला. त्याने ते पाहिलं. साहेब म्हणाले, "ठीक आहे, चालेल." त्याला असं काम कधी चाललं नव्हतं. मी सही केली, झेरॉक्सवाल्याने केली आणि पळाला.

खाली आल्यावर दाराशी थांबलेल्या आक्काने विचारलं, "झालं?"

"झालं."

"मग चला. उन्हात उभं राहून काय करायचंय?"

त्यानंतर ओळंबा अंथरुणातून फारसा उठला नाही. मी गेलो की उशाशी बसायचो. बोलण्यासारखं फार नव्हतं. एकदा म्हणाला, "हत्यारं घेऊन ये उद्या."

"काय करायचंय?"

"आक्काच्या खोलीत खुंट्या लावायच्यात. कपडे अडकवायला."

मला वाटलं तापात बोलतोय. "कुठल्या भिंतीत?"

"तिच्या."

दुसऱ्या दिवशी मी सागाची एक पट्टी तासून नेली, तीन खुंट्या बसवलेली. पट्टीसाठी माझ्याकडचा जुना तुकडा वापरला, पण तासला नीट. आक्का म्हणाली, "कोणी सांगितलं तुला?" मी पलीकडे बोट दाखवलं. तिने कॉट सरकवली.

मी पहिला खिळा ठोकला. वाकला. दुसरा ठोकला. तोही वाकला. भिंतीपलीकडून बारीक आवाज आला. "वाकला ना?"

"वाकला."

"वाकणारच." हे म्हणताना त्याला बरं वाटलं असावं. मग म्हणाला, "आधी भोक पाड. फळी नाही ती, भिंत आहे."

मी छिन्नी घेतली. बराच वेळ लागला. खांदा दुखायला लागला, मग हात बदलला. तो पलीकडे प्रत्येक घाव ऐकत असणार, कारण त्याची उशी तिथेच होती. थोरला दारात येऊन उभा राहिला, काही वेळ बघितलं, मग न सांगता पट्टीचं एक टोक धरलं. धाकटा पलीकडून बापाचा ओळंबा घेऊन आला. "बाबा म्हणतायत, याने बघून लावा." मी बघितलं. पट्टी किंचित उतरली होती. वर घेतली.

"सरळ आहे का?" पलीकडून आवाज.

"सरळ आहे," आक्का ओरडून म्हणाली. तिने पट्टीकडे पाहिलंही नव्हतं. ती खाली वाकून कॉटखालची पिशवी ओढत होती.

तिने गाठ सोडली. शाल काढून पहिल्या खुंटीला लावली, कपडे दुसऱ्या खुंटीला. औषधं खिडकीत ठेवली. जुनं ओळखपत्र हातात धरून जरा थांबली आणि ते उशीखाली सरकवलं. तिसरी खुंटी रिकामी राहिली. मग तिने पिशवी उलटी करून झटकली, तिची घडी घातली आणि माझ्यापुढे धरली.

"घे. हत्यारं न्यायला होईल," म्हणाली. "मला आता लागत नाही."

मी छिन्नी, हातोडा आणि वाकलेले खिळे तिच्यात टाकले. पिशवी जड झाली. खांदा भरून आला होता. वाटेत जिना नव्हता, एवढं बरं.